तहान हरवलेला खळगा

१

"काठावरून बघ. आत पाय टाकलास तर माझ्याशी गाठ आहे!"

मावशीचा तो आवाज ओलबाईच्या कानात अजून इतका ताजा होता, की बसमधून उतरून ती खळग्यापाशी आली आणि तिची पावलं आपोआप काठाच्या दगडांवर थबकली. पन्नाशी उलटलेली बाई, खांद्याला बॅग, चष्मा कपाळावर चढवलेला. पण उभी राहिली ती अगदी शाळकरी पोरीसारखी, बोटांची टोकं दगडाच्या धारेला लावून.

मग तिने खाली पाहिलं.

खळगा मेला होता. कमरेएवढी वाढणारी लव्हाळी आडवी पडून काळी झाली होती. जांभळ्या तुऱ्यांची झाडं बुंध्याशी कुजली होती. मधेमधे हिरवट पाण्याची डबकी, आणि त्यांना येणारा तो वास तिला नीट ओळखीचा होता. विमा कंपनीच्या वतीने लोकांच्या घरांतली ओल शोधत फिरणं हेच तिचं काम. भिंत का फुगली, छत कुठून गळलं, पाणी कुठून शिरलं हे ती हुडकून काढायची. कचेरीत तिला 'ओलबाई' म्हणत, आणि आता ते नाव तिच्या अंगाला असं चिकटलं होतं की तीही त्या हाकेला ओ देई.

खळगा म्हणजे नुसता खड्डा नव्हे. नगरपालिकेच्या बागखात्यात मावशीची सगळी नोकरी गेली, आणि त्या नोकरीत तिने हट्टाने करून घेतलेलं हे एकच काम. उतरत्या रस्त्याचं आणि आजूबाजूच्या छपरांचं पाणी पूर्वी थेट गल्लीच्या तळाशी धावायचं आणि घरांत शिरायचं. मावशीने रस्त्याच्या कडेला बशीसारखी खोलगट जागा करवली. तळाशी खडी, खडीत भोकं पाडलेला एक पाइप, वर वाळू मिसळलेली भुसभुशीत माती आणि खोल मुळांची झाडं. रस्त्याच्या कडेचा दगड एके ठिकाणी कापून पाण्याला वाट दिली. पाणी आत यायचं, थांबायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जमीन ते पिऊन टाकायची. फारच झालं तर वरचं पाणी सांडव्याच्या उभ्या नळकांड्यातून गटारात जायचं.

लहानपणी सुट्टीत आली की पाऊस थांबल्यावर ओलबाई काठावर पालथी पडायची, हनुवटी दगडावर टेकून. मावशी शेजारी उकिडवी बसायची. पाण्यातून बारीक बुडबुडे वर येत. "बघ, माती पाणी पिते आणि श्वास सोडते," मावशी म्हणायची. दोघी त्या बुडबुड्यांकडे बघत राहायच्या, जेवायला हाका येईपर्यंत.

मावशी थंडीच्या शेवटी गेली. आणि परवा काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, फोन आला. "चिमे, खळगा पाणी पीत नाही गं. बांधणीवाल्या ताईंच्या तळघरात पाणी शिरलं. नगरपालिका तीन दिवसांनी काँक्रीट ओतून बुजवणार आहे."

दार उघडंच होतं. काका आतल्या खोलीत पडले होते. तिने बॅग पुढच्या खोलीतल्या छोट्या टेबलावर ठेवली. टेबल डुगडुगलं आणि त्याच्या पायांवरून वाळक्या चिखलाचे पापुद्रे फरशीवर गळले. एकट्या माणसाचं घर, कोण पुसणार, असं म्हणून तिने ते पायाने कडेला सारले आणि खिडकीशी गेली.

खिडकीतून खळगा पूर्ण दिसत होता. वरून बघितल्यावर तिला जे दिसलं, त्याने ती जागीच खिळली.

सगळा खळगा काळा पडला होता. पण काकांच्या फाटकासमोर, काठाला लागूनच, एक तुकडा हिरवागार होता. लव्हाळी ताठ, जांभळे तुरे डुलत असलेले. आणि त्या हिरव्या तुकड्याच्या चारही कडा सरळ होत्या, जणू कुणी पट्टी लावून आखल्या असाव्यात.

२

"ये गं ओलबाई! आता आमच्याकडेच तुझा धंदा निघाला म्हणायचा," बांधणीवाल्या ताई तळघराच्या पायऱ्यांवरून ओरडल्या.

पुस्तकं बांधणाऱ्या या ताईंचं वय विचारण्याची गल्लीत कुणाची टाप नव्हती. तळघरात दोऱ्या बांधून त्यांनी ओले पुठ्ठे वाळत घातले होते. खळीचा आणि भिजक्या कागदाचा वास कोंडला होता. चामड्याची गुंडाळी हातात धरून त्या म्हणाल्या, "हे बघ, पापड झालाय नुसता. तुझी मावशी असती तर हे झालं नसतं."

"कशाने झालं असं वाटतं तुम्हाला?"

"कशाने नाही, कुणाने ते विचार! त्या पाववाल्याने. त्याला पावाची गाडी लावायला जागा हवी होती, किती वर्षं झाली. खळगा बुजला की गाडी उभी राहिलीच म्हणून समज. काहीतरी ओतलंय मेल्याने आत. तेल म्हणा, चुना म्हणा."

"ताई, नीट आठवून सांगा. मावशी गेल्यावर आत कुणी उतरलं होतं?"

"आत?" ताईंचे डोळे विस्फारले. "कुणाची छाती आहे? मावशी गेली, तिचा आवाज आहे ना अजून काठावर! दुकानाच्या दारातून मला दिवसभर खळगाच दिसतो. शपथेवर सांगते, कुणाचा पाय पडलेला नाही."

ओलबाई पायऱ्या चढू लागली तशी मागून ताईंचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. "निरोपाला आली नाहीस तू. तीन गल्ल्या लोटल्या होत्या गं तिच्यासाठी."

ओलबाईची मान खाली गेली. त्या आठवड्यात ती दूरच्या एका बुडालेल्या वस्तीत घरोघर ओल तपासत होती. रस्ते बंद होते. आपण नव्हतो, ही एकच खंत ती मनात धरून होती. त्या दिवसाबद्दल तिने ना फोनवर कधी विचारलं, ना आता. "येते ताई," एवढंच म्हणून ती वर आली.

पाववाल्याची भट्टी दुपारची निवली होती. लाकडी फळ्यांवर रिकामे ट्रे उपडे घातलेले. तिला बघताच त्याने हातातला फडका खाली ठेवला.

"ताईंनी माझंच नाव घेतलं असणार."

"घेतलं."

"घेऊ दे. मागच्या जन्मी मी त्यांची पुस्तकं खाल्ली असतील." तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "गाडीसाठी जागा हवी होती, खोटं कशाला बोलू? मावशींशी कितीदा वाद घातला. पण त्या आजारी पडल्यावर रोज सकाळचा पहिला पाव मीच नेऊन द्यायचो. शेवटी शेवटी खायच्या नाहीत, नुसता हुंगायच्या."

ओलबाईने खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. "रस्त्याच्या कडेच्या दगडावरही असंच पांढरं आहे. जिथून पाणी खळग्यात उतरतं, तिथे."

पाववाल्याचा चेहरा उतरला.

"ट्रे धुतो मी तिथे," तो म्हणाला. "मावशी असताना हिंमत नव्हती. आता... आतला नळ बिघडलाय म्हणून. पिठाचं पाणी गेलंय आत. त्यानेच मेला का हो खळगा? मी मारला?"

३

ओलबाई आधी जाऊन पाण्याच्या तोंडाशी बसली आणि मग हाक मारून त्यालाच बोलावलं.

"हे बघा. पिठाचं पाणी आत आलं तर पीठ आधी कुठे बसेल? इथे तोंडाशीच. आणि इथे दगडांच्या फटींतली झाडं बघा कशी तरारली आहेत. तुम्ही आगाऊपणा केलात, ट्रे आजपासून आत धुवा. पण खळगा तुम्ही नाही मारला."

पाववाल्याने डोळे पुसले. बाहीचं पीठ गालाला लागलं.

"आत कुणी उतरलं होतं का, ते सांगा."

"छे! मांजरसुद्धा काठाकाठाने जातं."

तेवढ्यात नगरपालिकेचे अभियंता साहेब टेप घेऊन आले. करडे केस, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर सरकारी कोरडेपणा. मावशीच्या नोकरीभर त्यांचं आणि तिचं जमलं नव्हतं. त्यांना पाइप हवे असत, हिला झाडं.

"बाई, तुमच्या मावशींबद्दल मला आदर आहे," ते टेप उलगडत म्हणाले, "पण आदराने पाणी जिरत नाही. मातीचं वय झालं. गाळ बसतो, भोकं बुजतात. हे असं व्हायचंच होतं. उद्या सकाळी मिक्सर येतोय. खाली मोठा पाइप, वर काँक्रीट. विषय संपला."

"गेल्या पावसाळ्यात प्यायचा ना पाणी?"

साहेब घुटमळले. "प्यायचा. चांगला प्यायचा."

"मग एका थंडीत म्हातारा झाला? आणि वय झालं असतं तर सगळीकडे सारखं झालं असतं. हा हिरवा तुकडा तेवढा तरुण कसा राहिला, तोही कोपऱ्यांसकट?"

साहेबांनी प्रथमच तिकडे नीट पाहिलं. "असेल काहीतरी," ते पुटपुटले.

"माझ्या मावशीचं नाव या एका जागेला लागलंय, साहेब. उद्या काँक्रीट पडलं की लोक म्हणणार, बाईचं खूळ होतं, बुडालं. आणि मग दुसऱ्या कुठल्या गल्लीत कुणी असा खळगा करणार नाही. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. कारण सापडलं नाही तर तुमचा मिक्सर आणि तुम्ही."

"संध्याकाळी येतो," साहेब म्हणाले.

"जाता जाता एवढंच सांगा, आत कुणी उतरलं होतं?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

ते गेल्यावर ओलबाईने बॅगेतून आपली सळई काढली. हातभर लांब, टोकदार, लाकडी मुठीची. भिंतीमागची, फरशीखालची जमीन अजमावायची तिची नेहमीची सोबतीण. ती काठावर पालथी झाली, हनुवटी दगडावर टेकली, आणि हात लांबवून हिरव्या तुकड्यात सळई खुपसली. सळई लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत गेली.

तिथून वीतभर बाजूला, काळ्या भागात, तिने पुन्हा जोर लावला. सळई बोटभर जाऊन अडली. तिने अंग रेटलं. तरी हलेना. काठाकाठाने सरकत ती जिथे हात पोचेल तिथे तपासत गेली. सगळीकडे तेच. वर मऊ चिखल आणि खाली घट्ट, धोपटल्यासारखी जमीन.

माती कुणीतरी दाबली होती. रोलर फिरवावा तशी. आणि आत तर कुणीच उतरलं नव्हतं!

४

तिने काकांच्या अंगणातून बादलीभर पाणी आणलं. हिरव्या तुकड्यात हळूच ओतलं. झाडांच्या बुंध्यांशी पाणी क्षणभर थांबलं, आणि मग बारीक, चमकदार बुडबुडे वर आले. किती वर्षांनी! शेजारी कुणी उकिडवं बसलंय की काय, असं वाटून तिने मान वळवली. नव्हतं कुणी.

दुसरी बादली काळ्या भागात. पाणी तसंच बसून राहिलं. एकसुद्धा बुडबुडा नाही.

मग ती उठून अंगणात गेली. तळातल्या खडीतला पाइप काकांच्या अंगणाच्या कोपऱ्यातून गटाराकडे जायचा. तिथे एका छोट्या हौदात त्याची झडप होती. तिने झाकण उचललं. झडप उघडी होती. थोड्या वेळाने पाइपाच्या तोंडाशी पाण्याची बारीक धार लागली.

म्हणजे पाइप मोकळा, खडी मोकळी. आजार होता तो वरच्या मातीत. आता गेल्या आठवड्यातला पाऊसही तिला उलगडला. एवढा मोठा खळगा भरला आणि पाणी प्यायला उरला तो फक्त हा चिमुकला घसा. सांडव्याला सगळं झेपलं नाही, उरलेलं ताईंच्या तळघरात गेलं. आणि आतलं पाणी त्या चिमुकल्या घशातून कितीतरी दिवस उतरत राहिलं. तोवर बाकीच्या झाडांची मुळं गुदमरली.

"चिमे."

काका मागे उभे होते. स्वेटर उलटा घातलेला, हातात काठी. गेल्या काही महिन्यांत माणूस निम्मा झाला होता.

"पुरे आता. कुणाला विचारत फिरू नकोस. मीच केलं."

"काय केलंत तुम्ही?"

"ही झडप बंद केली होती. पाणी साचून राहिलेलं तिला आवडायचं ना... वाटलं, राहू दे थोडं. मग विसरलो. परवा उघडली. साहेबांना सांग, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. मीच मारला तिचा खळगा."

५

ओलबाईने त्यांचा हात धरून त्यांना घरात आणलं, खुर्चीवर बसवलं, चहा टाकला. काका फरशीकडे बघत राहिले.

"काका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मावशी म्हणायची, तुम्ही खोटं बोलायला लागलात की स्वेटरची बटणं चाचपता."

काकांचा हात बटणांवरून झटकन खाली आला.

"झडप बंद असती तर पाणी खालून वर तुंबलं असतं. मग हिरव्या तुकड्याच्या मुळांनाही श्वास मिळाला नसता. तोही कुजला असता. आणि झडपेने माती कशी घट्ट होईल? तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय. कोण आहे? पाववाला? त्याने गाडी आत घातली?"

"नाही गं. त्या बिचाऱ्याला उगाच..."

"मग कोण?"

काकांनी मान फिरवली. तिने चहाचे कप आणले आणि ते ठेवायला टेबलावरची बॅग उचलली. टेबल डुगडुगलं. पायावरून पुन्हा एक पापुद्रा गळला.

ओलबाई कप हातात धरून तशीच उभी राहिली.

चारही पायांना चिखल होता, सारख्याच उंचीपर्यंत. बोटभर. घरातलं टेबल, आणि पाय चिखलात रुतल्यासारखे! तिने कप खिडकीत ठेवले. ओढणी काढून टेबलाच्या लांबीवर ताणली, गाठ मारली. रुंदीवर ताणली, दुसरी गाठ मारली. बाहेर गेली. काठावर ओणवून ती ओढणी तिने हिरव्या तुकड्यावर धरली. लांबीला पहिली गाठ, रुंदीला दुसरी. चपखल.

तिथे हे टेबल उभं होतं. टेबलाखाली कुणालाच उभं राहता येत नाही, म्हणून तेवढी माती वाचली. म्हणजे त्याच्या भोवती, सगळ्या खळग्यात, माणसं उभी होती. दाटीवाटीने, बराच वेळ. कसल्या कामासाठी माणसं टेबलाकडे तोंड करून उभी राहतात?

आणि मग जो प्रश्न तिने लाजेपायी दिवसभर टाळला होता, तो आपणहून समोर येऊन उभा राहिला.

ती आत आली. "काका, मावशीचा निरोप कुठे झाला?"

काकांनी डोळे मिटले.

"मी धरून चालले होते की शाळेच्या सभागृहात. आदल्या दिवशी अवेळी पाऊस झाला होता ना, म्हणून."

"सभागृह ठरलं होतं," काका हळूच म्हणाले. "पण सकाळी पाववाला आला, रडत. म्हणाला, मावशींना सभागृहात कशाला निरोप द्यायचा? त्यांची जागा इथे आहे. सगळ्यांना पटलं. हे टेबल नेलं, त्यावर तिचा फोटो, तिची झाडं छाटायची कात्री. झाडं नुकतीच बुंध्यापाशी छाटलेली, खळगा मोकळा मोकळा दिसत होता. लोक काठावर मावेनात. मग एकेक जण चपला काढून आत उतरला. सगळे अनवाणी, चिमे. पोरंसोरं, म्हातारे. तास न् तास उभे. एक बोलून झाला की दुसरा. साहेबसुद्धा. असा निरोप राजाला मिळत नाही."

"आणि माती ओली होती."

"ओली होती. मी इथे खिडकीत होतो, पायात त्राण नव्हतं. मला तेव्हाच कळलं. ओली माती पायाखाली आली की वीट होते, हे तिने मला हजारदा सांगितलं होतं. ओरडावं असं वाटलं. पण काय ओरडू? बाहेर व्हा म्हणू? ती सगळी माणसं तिच्यासाठी रडत होती."

चहावर साय धरली. दोघांनीही कपाला हात लावला नाही. ओलबाईला ताईंचा शब्द आठवला, पाववाल्याचा, साहेबांचा. कुणाचा पाय पडलेला नाही. कुणीच खोटं बोललं नव्हतं. ज्या दिवशी ते सगळे आत उतरले, तो दिवस त्यांच्या मनात खळग्यात उतरण्याचा नव्हताच. तो मावशीचा होता.

"सांगू नकोस त्यांना," काका म्हणाले. "तेवढं एक माझं ऐक. खळगा गेला तर जाऊ दे. पण आपल्याच पायांनी तिची बाग मेली, हे ओझं घेऊन ती माणसं कशी जगतील? मला वेंधळा म्हणू देत. मी किती दिवसांचा?"

ओलबाईने त्यांच्या स्वेटरची बटणं सोडली, स्वेटर सुलट करून पुन्हा घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही वेंधळं म्हणू देणार नाही."

कसं, ते मात्र तिला अजून ठाऊक नव्हतं. देवाचं नाव घेऊन ती बाहेर पडली.

६

संध्याकाळी काठावर चौघं जमले. साहेब, पाववाला, ताई आणि ती. उन्हं कलली होती; समोरच्या खिडक्यांच्या काचा पिवळ्या झाल्या होत्या.

"सापडलं कारण?" साहेबांनी विचारलं.

ओलबाईने सळई त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच बघा."

साहेबांनी इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता गुडघा टेकला. हिरव्यात सळई सरसर गेली. काळ्यात अडली. त्यांनी दोनदा, तीनदा करून पाहिलं.

"दबली आहे माती," ते म्हणाले.

"दबली आहे. गाळ नाही, वय नाही, खालचा पाइप स्वच्छ वाहतोय. मावशीच्या कामात खोट नव्हती. दबलेली माती मोकळी केली, खत घातलं, नवी मुळं खोल गेली, की पुन्हा पिईल."

"कुणी दाबली पण?" ताईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "मी म्हणत नव्हते? गाडी घातली असणार मेल्याने!"

"ताई, तोंड सांभाळा! चाक आत जाईल का या दगडांवरून?"

"गाडी नव्हे," ओलबाई मधे पडली. "चाकाची एक खूण नाही, काठाचा एक दगड हललेला नाही. पाववाल्यांचा यात दोष नाही, ताई. तुमचा नाही. काकांचाही नाही."

"मग कुणाचा?" साहेबांनी विचारलं. "मला वर कारण द्यावं लागेल, बाई. माती आपोआप दबत नाही. कुणी तुडवली?"

"ते मी सांगणार नाही."

"सांगणार नाही म्हणजे?"

"सांगणार नाही म्हणजे नाही, साहेब. मिक्सर आणायचा तर आणा."

ताई आणि पाववाला एकमेकांकडे बघू लागले. साहेब वैतागून काहीतरी बोलायला गेले, आणि त्यांची नजर पुन्हा त्या हिरव्या चौकोनावर गेली. तिथून ती काकांच्या फाटकाकडे गेली, उघड्या दाराकडे, आतल्या टेबलाकडे. मग हळूहळू खाली, स्वतःच्या बुटांकडे.

त्यांचा चेहरा असा काही बदलला, की ओलबाईने मान फिरवली.

मग साहेबांनी घसा साफ केला. "होतं असं," ते ताईंना आणि पाववाल्याला म्हणाले, अगदी सरकारी कोरड्या आवाजात. "अवेळी पाऊस, जुनी माती. दबते कधीकधी. कुणाचा दोष नसतो. मिक्सर मी थांबवतो."

पाववाल्याने टाळी वाजवली आणि ओशाळून हात खिशात घातले. ताईंनी त्याच्या गालावरचं पीठ पदराने खसकन पुसलं. "सकाळपासून असाच फिरतोयस? ध्यान नुसतं!" दोघं भांडत भांडत आपापल्या दाराकडे गेले.

साहेब मागे राहिले.

"मी पुढच्या रांगेत होतो," ते खळग्याकडे बघत म्हणाले. "आयुष्यभर भांडलो तिच्याशी. वाटलं, आज तरी पुढे उभं राहावं. सगळ्यांत शेवटी बाहेर आलो मी."

ओलबाई ओढणीच्या गाठी सोडू लागली.

"काकांनी पाहिलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"काका काही म्हणाले नाहीत," ती म्हणाली, आणि त्यामागचं 'हो' दोघांनाही कळलं.

"मोठा पाऊस यायच्या आत जमीन पाणी प्यायला लागली पाहिजे. नाहीतर माझा हात वरचे धरतील. माणसं पाठवली तर ती आत उतरणार, पुन्हा तेच. काम काठावरून, हलक्या हाताचं आहे. कोण करेल?"

"मी करेन," ओलबाई म्हणाली. "शब्द देते. ती प्यायला लागेपर्यंत मी इथून हलणार नाही."

"कंपनी सोडेल तुम्हाला?"

"लोकांच्या घरातली ओल पळवून लावण्यात उमर गेली, साहेब. एकदा तिला आत घेऊन बघते."

साहेब हसले. मग वाकून त्यांनी सळई तिच्या हातात ठेवली, आणि काठाकाठाने, फार जपून पावलं टाकत, निघून गेले.

७

पहाट फुटली तेव्हा काका जागेच होते. ओलबाई चूळ भरून, देवाला हात जोडून बाहेर आली, तर पुढच्या खोलीत भिंतीला एक लांब फळी टेकवून ठेवलेली होती. गुळगुळीत, मधे किंचित वाकलेली.

"काठावर दोन्ही टोकं टेकवलीस की आडवी बसते. वर गुडघे टेकून मधपर्यंत हात पोचेल," काका आतून म्हणाले. "पलंगाची आहे. तिच्या बाजूची. मला आता एवढा रुंद पलंग काय करायचाय?"

ओलबाईने फळीवर हात फिरवला. मग तिने ओढणी कमरेला खोचली, परसातला हातखुरपा उचलला, फळी काखेत धरली आणि दाराची कडी आवाज न होऊ देता काढली.

गल्ली अजून झोपलेली होती. भट्टीतून पहिल्या पावाचा वास येत होता. तिने चपला दाराशी सोडल्या आणि ती फाटकाकडे निघाली.